चालणाऱ्या पेशी, थांबणाऱ्या पेशी

कर्करोगाने माणसं दगावतात ती बहुतेक वेळा पहिल्या गाठीमुळे नाही. ती गाठ शस्त्रक्रियेने काढता येते, किरणांनी जाळता येते. तिच्यातून सुटलेल्या पेशी यकृतात, फुफ्फुसात, हाडांत किंवा मेंदूत जाऊन ठाण मांडतात, तेव्हा आजार हाताबाहेर जातो. सुटणं, वाट काढणं आणि परक्या जागी रुजणं ही कौशल्यं त्या पेशींना नव्याने शिकावी लागत नाहीत. आपण गर्भात असताना आपल्याच पेशींनी हे सगळं केलेलं असतं. या दोन्ही प्रवासांत फॉस्फटेज नावाची एंझाइमं पुन्हा पुन्हा भेटतात. ती कर्करोगाची हत्यारं मानून बंद पाडायची, की आधी त्यांचं गर्भातलं काम समजून घ्यायचं? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. म्हणून त्या इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत आयुष्यभर भ्रूणविज्ञान शिकवलेल्या निवृत्त प्राध्यापिका. दुसरा त्यांचा जुना विद्यार्थी, आता कर्करोगतज्ज्ञ.

डॉक्टर : बाई, थेट मुद्द्यावर येतो. समोर बसलेल्या माणसाला ‘आजार लिव्हरमध्ये गेलाय’ असं सांगायची वेळ येते, तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं जे उरतं ते अपुरं असतं. म्हणून २००१ साली ‘सायन्स’मध्ये आलेलं, जॉन्स हॉपकिन्समधल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाचं काम मला मोलाचं वाटतं. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला की तिथे दुय्यम गाठी होतात. त्या गाठींतल्या पेशींमध्ये कोणती जनुकं जास्त काम करताहेत, हे त्यांनी तपासलं. पीआरएल-३ या फॉस्फटेजचं जनुक १८ च्या १८ दुय्यम गाठींत जोरात चालू होतं. मूळ गाठींत आणि आतड्याच्या निरोगी अस्तरात ते कमी होतं. १२ दुय्यम गाठींपैकी ३ गाठींत तर त्याच्या जादा प्रती तयार झाल्या होत्या. इतका स्पष्ट इशारा मिळाल्यावर वाट कसली बघायची?

बाई : वाट बघ असं मी म्हणत नाही. पण कशावर नेम धरतोयस ते नीट बघ. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतल्या एका एंझाइमवर काम केलं. फॉस्फेटचा एक गट चिकटला की ते कामाला लागतं आणि तो गट काढला की थंडावतं, हे त्यांनी दाखवलं. १९९२ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. चिकटवणारी ती किनेज, काढणारी ती फॉस्फटेज. पेशीने वाढायचं, विभागायचं, हलायचं की मरायचं, हे सगळं या चिकटवण्या-काढण्यावर चालतं. पण पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष किनेजकडेच राहिलं. फॉस्फटेज म्हणजे किनेजने लिहिलेलं पुसणारं, एवढीच त्याची ओळख उरली. किनेज बेफाम झाली की कर्करोग होतो, म्हणून फॉस्फटेज म्हणजे आपोआपच रक्षक, असा हिशेब मांडला गेला.

डॉक्टर : तो हिशेब पीटेनच्या बाबतीत बरोबर निघाला. हे जनुक १९९७ मध्ये हाती लागलं. दहाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा अनेक गाठींमध्ये गळालेला असतो, त्याच तुकड्यात ते होतं. मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा, प्रोस्टेटचा कर्करोग, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, सगळीकडे पीटेन बिघडलेलं सापडतं. ते पेशीपटलातल्या एका मेदरेणूवरचा फॉस्फेट काढतं आणि ‘वाढ, तगून राहा’ हा निरोप तिथेच तोडतं. पीटेन गेलं की तो निरोप चालूच राहतो. हा रक्षकच ना?

बाई : प्रौढ शरीरात रक्षक, हो. पण १९९८ पासून आपल्याला हेही माहीत आहे, की पीटेनच्या दोन्ही प्रती काढलेली उंदराची भ्रूणं जन्मापर्यंत पोचत नाहीत. ज्या माणसांत एक प्रत जन्मतःच सदोष असते त्यांना काउडन सिंड्रोम होतो. त्यांच्यात स्तनाच्या, थायरॉइडच्या, गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि पुष्कळदा डोक्याचा आकारही मोठा असतो. म्हणजे हे एंझाइम कर्करोग अडवण्यासाठी जन्माला आलेलं नाही. कोणता अवयव किती वाढावा, हे ठरवणाऱ्यांतलं ते एक आहे. कर्करोग अडणं हा त्या कामाचा एक भाग.

डॉक्टर : पण पीआरएल-३ तर उलट वागतं. ते फॉस्फेट काढतं आणि पेशीला पळायला मदत करतं. सिंगापूरमध्ये क्यी झेंग यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की पीआरएल-१ किंवा पीआरएल-३ जास्त प्रमाणात असलेल्या पेशी अधिक हलतात, ऊतींत घुसतात आणि उंदरांत दुय्यम गाठी तयार करतात.

बाई : त्यात नवल नाही. डोंगर चढणारा माणूस एक पाय रोवतो तेव्हाच दुसरा उचलतो. दोन्ही पाय रोवूनच ठेवले तर तो जागचा हलणार नाही. पेशीही पुढच्या कडेला पकड घेते आणि मागची पकड सोडते. पकड घेताना आणि सोडताना प्रथिनांवरचे फॉस्फेट सतत चढत-उतरत असतात. चालण्यासाठी किनेज लागते तितकीच फॉस्फटेज लागते. आता पीआरएलचं हे कुटुंब मुळात सापडलं कुठे ते आठव. उंदराच्या यकृताचा मोठा भाग कापला तर उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. त्या वाढीच्या अगदी सुरुवातीला जागी होणारी जनुकं शोधताना पीआरएल-१ मिळालं. म्हणून नावातच ‘पुन्हा वाढणारं यकृत’ आहे. ज्या एंझाइमला तू पसरण्याचं हत्यार म्हणतोस, त्याचं कुटुंब आधी दुरुस्तीच्या कामात दिसलं होतं.

डॉक्टर : हे तर माझ्याच बाजूचं झालं, बाई. गर्भात लागतं, जखम भरताना लागतं, एरवी प्रौढ माणसाला त्याची फारशी गरज नसते. पीआरएल-३ चं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतात, जगतात. त्यांना आतड्याचा कर्करोग घडवणारं रसायन दिलं तर त्यांच्यात गाठीही कमी होतात. यापेक्षा चांगलं लक्ष्य कोणतं? गर्भाची गरज संपलेली आहे, कर्करोगाची मात्र आहे. मधल्या माणसाला धक्का न लावता नेमकं मारता येईल.

बाई : उंदराचं तू सांगितलंस, आता बेडकाचं ऐक. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात २०१३ साली फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला. पीआरएल-३ कमी केलं, तर डोक्याकडच्या न्यूरल क्रेस्टच्या पेशी नीट स्थलांतर करेनात. न्यूरल क्रेस्ट तुला मी पहिल्यांदा शिकवली होती. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, तिच्या वरच्या कडेतून सुटणाऱ्या या पेशी. त्या शेजाऱ्यांची संगत सोडतात आणि भ्रूणभर फिरतात. चेहऱ्याची हाडं, त्वचेच्या रंगपेशी, आतड्यातल्या चेता, अधिवृक्क ग्रंथीचा गाभा, हे सगळं त्यांच्यापासून घडतं. कर्करोगाची पेशी गाठीतून सुटते तेव्हा जे करते, ते या पेशी चौथ्या आठवड्यातल्या मानवी भ्रूणात रीतसर करत असतात.

डॉक्टर : त्याच गटाने डोळ्यातल्या मेलॅनोमाचाही अभ्यास केला आहे. ज्या गाठींत पीआरएल-३ जास्त, त्यांच्या पसरण्याची शक्यता जास्त. आणि मेलॅनोमा ज्या रंगपेशींतून होतो, त्या न्यूरल क्रेस्टच्याच वंशातल्या.

बाई : म्हणजे मूळ घराण्याची सवय पुन्हा उफाळून आली. पण तुझा उंदीर आणि माझा बेडूक वेगळं का बोलतात, हाही प्रश्न आहे. एक शक्यता अशी, की उंदरात पीआरएल-१ आणि पीआरएल-२ ही भावंडं पीआरएल-३ ची उणीव भरून काढत असतील. त्यातल्या पीआरएल-२ चं काम फार बोलकं आहे. ते काढून टाकलेल्या उंदरांची वार खुरटी राहते आणि पिल्लं लहान जन्मतात. कारण तपासलं तेव्हा त्या वारेत पीटेन वाढलेलं सापडलं. एक फॉस्फटेज दुसऱ्या फॉस्फटेजला काबूत ठेवून वार वाढवत होतं. तुझं औषध या तिघांपैकी नेमक्या एकालाच धरणार आहे का? त्यांची रचना एकमेकांशी फार मिळतीजुळती आहे.

डॉक्टर : तो अडथळा खरा आहे. फॉस्फटेजांचं काम करणारं केंद्र लहान, धन भार असलेलं आणि एकमेकांसारखं असतं. तिथे बसणारे रेणू ऋण भाराचे असावे लागतात आणि असे रेणू पेशीत सहज शिरत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं औषध कंपन्यांनी या एंझाइमांवर फुली मारली होती. पण शिप-२ (SHP2) या फॉस्फटेजने ती फुली पुसली. या एंझाइमला स्वतःचंच एक अंग असतं. एरवी ते अंग कामाच्या केंद्रावर आडवं येऊन बसतं आणि एंझाइम बंद राहतं. २०१६ मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांनी असा रेणू जाहीर केला, जो केंद्राला हात न लावता एंझाइमला त्या बंद अवस्थेतच अडकवून ठेवतो. आज या जातीच्या औषधांच्या चाचण्या इतर औषधांच्या जोडीने माणसांत चालू आहेत.

बाई : शिप-२ चं नाव काढलंस ते बरं झालं. आधी माशीचं ऐक. फळमाशीत या एंझाइमचा भाऊबंद आहे, त्याचं नाव ‘कॉर्कस्क्रू’. ते बिघडलं की भ्रूण पिळवटलेला दिसतो. १९९२ साली नॉर्बर्ट पेरीमॉन यांच्या प्रयोगशाळेने हे एंझाइम वाढीचा निरोप थांबवत नाही, पुढे नेतं, हे दाखवलं. फॉस्फटेज म्हणजे पुसणारं, या समजुतीला तो मोठा धक्का होता. २००१ मध्ये कळलं, की नूनन सिंड्रोम झालेल्या साधारण निम्म्या मुलांत शिप-२ च्या जनुकात दोष असतो आणि एंझाइम गरजेपेक्षा जास्त काम करतं. त्या मुलांचे डोळे एकमेकांपासून दूर असतात, उंची कमी राहते, हृदयाच्या झडपेत दोष असतो. झेब्रा माशाच्या भ्रूणात हाच दोष घातला, तेव्हा शरीराचा आराखडा पडतानाच पेशींचं सरकणं चुकलं. भ्रूण आखूड झाला आणि डोळे दूर गेले.

डॉक्टर : आणि २००३ मध्ये त्याच जनुकातले दोष लहान मुलांच्या एका रक्ताच्या कर्करोगात सापडले. हा ज्युव्हेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया. जवळपास एक तृतीयांश मुलांत ते असतात. फरक एवढाच, की इथे दोष जन्मतः नसतो, नंतर रक्ताच्या पेशीत होतो.

बाई : मग सांग, शिप-२ चांगलं की वाईट?

डॉक्टर : डॉक्टर म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. मी विचारतो, आज, या रुग्णात, ते बंद केलं तर फायदा जास्त की तोटा? गर्भातल्या यंत्रणेवर वार करून औषध बनतं, याचा पुरावा आहे. हेजहॉग नावाचा निरोप गर्भात हातपाय, मेंदू, चेहरा घडवतो. पन्नासच्या दशकात अमेरिकेत आयडाहोच्या मेंढपाळांच्या कळपात एकडोळी कोकरं जन्मत होती. मेंढ्या खात असलेल्या एका वनस्पतीतलं द्रव्य तो निरोप तोडत होतं, हे पुढे कळलं. त्याच वाटेवर वार करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये त्वचेच्या पसरलेल्या बेसल सेल कर्करोगासाठी मंजूर झालं. एकडोळ्या कोकरांनी दाखवलेली वाट माणसाच्या कामी आली.

बाई : ते औषध घेणाऱ्यांची चव जाते, केस गळतात, स्नायूंत गोळे येतात. गरोदर बाईला ते कदापि द्यायचं नाही, असा ठळक इशारा त्यावर असतो. लहान मुलांना दिलं तर हाडांच्या वाढीच्या जागा वेळेआधी बंद होण्याची भीती. असं का? कारण जिभेवरची चवीची अंगं, केसांची मुळं, मुलांची हाडं यांत गर्भाचं काम संपलेलंच नसतं. तू म्हणालास, गर्भाची गरज संपली. ती संपत नाही, अरे. काही कोपऱ्यांत ती आयुष्यभर चालू राहते. म्हणून मी म्हणते, औषध बनवायच्या आधी ते कोपरे कुठे आहेत ते शोधा.

डॉक्टर : शोधू. पण तेवढ्यात माझे रुग्ण जातात. ईवायए या फॉस्फटेजचं उदाहरण घ्या. फळमाशीत हे जनुक नसलं तर डोळेच बनत नाहीत. ते फॉस्फटेज आहे हे २००३ मध्ये कळलं आणि त्याची रासायनिक घडण बाकी टायरोसिन-फॉस्फटेजांपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे फक्त त्यालाच धरणारं औषध बनू शकतं. माणसात ईवायए-१ बिघडलं तर मुलाचे कान, मूत्रपिंडं आणि मानेचा भाग नीट घडत नाही. ईवायए आणि त्याचा जोडीदार सिक्स-१ हे गर्भात कामाचे, निरोगी प्रौढ ऊतींत मोठ्या प्रमाणावर थंड, आणि स्तनाच्या कित्येक कर्करोगांत पुन्हा जागे. मला आणखी काय हवं?

बाई : ईवायएच्या बाबतीत तुझी बाजू भक्कम आहे, ते मी मानते. पण पीआरएल-३ बद्दल अजून एक गोष्ट. ते फॉस्फेट काढायचं काम फार मंद गतीने करतं. पेशीतल्या मॅग्नेशियमची ने-आण करणाऱ्या सीएनएनएम या प्रथिनांना मात्र ते घट्ट धरतं. कदाचित पेशीला पळवण्यात या धरण्याचा वाटा मोठा असेल. तसं असेल तर फॉस्फेट काढणं बंद पाडणारं तुझं औषध नेमकं चुकीच्या जागी लागेल.

डॉक्टर : हे मला पटतं. सिंगापूरच्या गटाने पीआरएल-३ विरुद्ध प्रतिपिंड बनवलं आहे आणि त्याच्या माणसांतल्या चाचण्या झाल्या आहेत. ते एंझाइमच्या केंद्राच्या भरवशावर नाही. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा पेशी बहुधा आधीच सुटून गेलेल्या असतात. औषध चांगलं की नाही, हे आम्ही गाठ किती आकसली यावर ठरवतो. पेशीचं चालणं रोखणारं औषध गाठ आकसवणारच नाही, म्हणून ते चाचणीत नापास होईल. त्याची खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर, दुय्यम गाठी दिसायच्या आधी घ्यायला हवी. तशी चाचणी वर्षानुवर्षं चालते आणि तिला प्रचंड पैसा लागतो.

बाई : आत्ता तू माझ्या मुद्द्यापाशी आलास. पेशी सुटून गेल्या असतील, तर त्यांना चालण्यापासून रोखण्याइतकंच महत्त्वाचं आहे त्यांना नव्या जागी शहाण्यासारखं बसवणं. गर्भ हे रोज करतो. न्यूरल क्रेस्टची पेशी निघते, पोचते, थांबते आणि चेहऱ्याचं हाड किंवा रंगपेशी होते. मेरी हेंड्रिक्स आणि पॉल कुलेसा यांच्या गटांनी २००६ मध्ये माणसाच्या पसरणाऱ्या मेलॅनोमाच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात, न्यूरल क्रेस्ट जिथून निघते तिथे ठेवल्या. त्या पेशी न्यूरल क्रेस्टच्याच वाटांनी गेल्या. त्यांनी गाठी केल्या नाहीत. काहींनी तर रंगपेशींचं जनुक पुन्हा चालू केलं. जनुकांतले दोष तसेच होते, तरी परिसराने त्यांना आवरलं.

डॉक्टर : पण माझ्या साठीच्या रुग्णाचं शरीर म्हणजे तीन दिवसांचं अंडं नव्हे. ते निरोप तिथे उरलेले नसतात. आणि तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना साधे उपचारसुद्धा परवडत नाहीत. माशी, बेडूक, कोंबडीची अंडी यांवर खर्च करा, असं मी त्यांच्या नातेवाइकांना कोणत्या तोंडाने सांगू?

बाई : आपण आत्ता जे बोललो ते उलगडून बघ. पिळवटलेल्या माशीमुळे कळलं, की शिप-२ निरोप पुढे नेतं. नूनन झालेल्या मुलांमुळे कळलं, की ते अति काम करू लागलं तर काय होतं. त्यामुळे मुलांच्या ल्युकेमियात कुठे बघायचं ते कळलं. मग औषध आलं. ईवायएची गोष्ट बिनडोळ्यांच्या माशीपासून सुरू झाली. यातली एकही साखळी ‘कर्करोगाचं औषध’ म्हणून मंजूर झालेल्या पैशातून सुरू झाली नसती.

डॉक्टर : ते नाकारता येत नाही. पण मग तुम्हीही एक मान्य करा, बाई. समज पूर्ण होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर कधीच औषध द्यायला नको. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध दिलं तेव्हाही सगळं कळलेलं नव्हतं. रुग्णाला औषध दिल्यावर जे दिसतं, तेही ज्ञानच आहे. चव गेली म्हणूनच चवीच्या अंगांना हेजहॉग किती लागतं, हे माणसात ठसठशीत दिसलं.

बाई : मान्य. माझ्या शास्त्राने हे मनापासून मानायला हवं. तुझा वॉर्ड हीदेखील भ्रूणविज्ञानाची प्रयोगशाळा आहे.

हा वाद इथे मिटत नाही आणि मिटायला नकोही. पण दोघांच्या बोलण्यातून जो निष्कर्ष निघतो, तो मला ठामपणे मांडायचा आहे. कोणतंही फॉस्फटेज स्वभावाने शत्रू नाही आणि मित्रही नाही. पीटेन, पीआरएल, शिप-२, ईवायए या चारही उदाहरणांत त्यांचं बरंवाईट ठरतं ते ती कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणाच्या नियंत्रणाखाली काम करतात त्यावरून. म्हणून अशा प्रत्येक एंझाइमविरुद्ध औषध बनवताना तीन प्रश्नांची उत्तरं सोबत असली पाहिजेत. गर्भात ते कधी जागं होतं? त्याला तिथे थांबवतं कोण? आणि प्रौढ शरीरात ते अजून कुठे लागतं? पहिल्या प्रश्नातून लक्ष्य मिळतं, तिसऱ्यातून दुष्परिणामांचा अंदाज येतो. दुसऱ्याकडे आजवर सर्वांत कमी लक्ष गेलं आहे, आणि पसरलेल्या आजाराला आवर घालायची किल्ली तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे.

हे प्रश्न कर्करोगाच्या रुग्णालयात एकट्याने सुटणार नाहीत आणि बेडकांच्या टाक्यांपाशीही एकट्याने सुटणार नाहीत. कर्करोगावरच्या संशोधनाचा निधी वाटताना भ्रूणविज्ञानाला ‘उपयोग काय?’ असं विचारून बाजूला सारणं, हे रुग्णांच्या हिताविरुद्ध आहे. आणि चाचण्यांची मोजमापं केवळ आकसणाऱ्या गाठीवर बेतलेली ठेवणं, हेही तितकंच रुग्णांच्या हिताविरुद्ध आहे. या दोन्ही गोष्टी बदलणं माणसांच्या हातात आहे. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.